दुसरा ल

परंड्याच्या बसस्टँडसमोर एक फ्लेक्सवाला आहे. त्याचं वाईट व्हावं अशी गेली बारा वर्षं माझी मनापासून इच्छा आहे. फार मोठं वाईट नव्हे. ऐन लग्नसराईत त्याच्या मशीनची शाई वाळावी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो उलटा छापला जावा, एवढंच. माणसानं माफ करायला शिकावं असं मशिदीतही सांगतात आणि देवळातही. सांगणाऱ्यांना हा फ्लेक्सवाला भेटलेला नसतो.

मी वेब डेव्हलपर आहे. म्हणजे लोकांच्या वेबसाइट बनवतो. पुण्यात पाच वर्षं एका कंपनीत होतो, लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि परत गेलोच नाही. आता वरच्या खोलीत पत्र्याखाली बसून त्याच कंपनीचं काम करतो. मोहल्ल्यात माझा धंदा कुणालाच नीट कळलेला नाही. एका म्हातारबाबांनी मला रिमोट दुरुस्त करायला दिला होता. मी तो दुरुस्त करून दिला आणि त्या दिवसापासून माझी इज्जत वाढली.

अब्बांचा धंदा मात्र सगळ्या तालुक्याला कळत होता. ते पेंटर होते, पाट्या रंगवायचे. किराणा दुकान, दवाखाना, शाळा, ट्रॅक्टरच्या मागचा पत्रा, सगळीकडं त्यांचं अक्षर. पाटी पुरी झाली की उजव्या कोपऱ्यात खाली बोटाच्या पेराएवढा एक पतंग काढत, शेपटीसकट. सही कधी केली नाही, पतंग हीच त्यांची सही. लहानपणी मी रस्त्यानं जाताना पतंग मोजत जायचो.

आता ळ ची गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे. आमच्या घरात दखनी बोलतात आणि दखनीत ळ नाही. आमच्या जिभेला तो वळतच नाही. बाळाला आम्ही बाल म्हणतो, फळ्याला फला. शाळेत गुरुजी मला मुद्दाम उभं करून 'काळा कावळा' म्हणायला लावत आणि मी 'काला कावला' म्हटलं की वर्ग खिदळायचा. मी पुढं घोकून घोकून ळ शिकलो. अब्बांनी कधी ती खटपट केली नाही. ते त्या अक्षराला 'दुसरा ल' म्हणत. 'पहिला ल लाडूतला, दुसरा ल जेवनाच्या येलेतला,' असं मला शिकवताना सांगत. पण जिभेला जे जमत नव्हतं ते हाताला जमायचं. त्यांचा ळ बघायला लोक थांबायचे. डावा डोळा लहान, उजवा मोठा, आणि दोन्ही एका दमात, ब्रश न उचलता. आमच्या जिल्ह्यात पेंटरला ळ आला नाही तर त्याचं दुकानच चालायचं नाही. तुळजापूर, कळंब, नळदुर्ग, जळकोट, कुठल्याही दिशेला निघा, ळ आडवा येतोच.

तर बारा वर्षांपूर्वी फ्लेक्सवाल्यानं दुकान टाकलं आणि पहिल्याच महिन्यात तो आमच्या घरी आला. मी तेव्हा बार्शीला कॉलेजात होतो, सुट्टीला आलो होतो. तो अब्बांच्या पायाशी बसला. खुर्ची दिली तरी खालीच बसला, हे मला अजून आठवतं, कारण इतका नम्र माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणाला, "चाचा, तुमचं अक्षर म्हंजे आपल्या परंड्याची शान हाय. सगळी मुळाक्षरं मोठ्या कागदावर लिवून द्या. फ्रेम करून दुकानात लावतो, वर तुमचा फोटो."

अब्बा खूश झाले. आयुष्यात कुणी त्यांचं अक्षर फ्रेम करायचं म्हटलं नव्हतं. चार दिवस त्यांनी त्याच्या दुकानात बसून लिहिलं. स्वर, व्यंजनं, अर्धी अक्षरं, काने-मात्रे, सगळं.

फ्रेम काही लागली नाही. त्यानं त्या कागदांचे फोटो काढले, सोलापूरच्या कुणाकडून त्याचा फाँट करून घेतला आणि फाँटला आपल्या दुकानाचं नाव दिलं. दोन-तीन महिन्यांत अब्बांचं अक्षर चौकाचौकात लागलं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दहावा. सगळं अब्बांच्या हातचं, फक्त हात नव्हता. जुन्या पाट्या एकेक करून उतरल्या. त्या तोच उतरवायचा आणि वर फ्लेक्स ताणायचा. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सगळ्या दुकानांच्या पाट्या नव्यानं झाल्या. अब्बांच्या वाट्याला त्यातली एकही आली नाही.

हे एक वेळ मी गिळलं असतं. धंदे बुडतात. पण एका सकाळी आम्ही दोघं स्टँडवर चहा प्यायला उभे होतो, मला बार्शीची गाडी धरायची होती. तिथं कुणीतरी विचारलं, "पेंटर, हल्ली दिसत न्हाय काम?" अब्बांनी उत्तर द्यायच्या आत हा फ्लेक्सवाला मागून म्हणाला, "पेंटर आता कंप्युटरमधी बसलाय. त्याला चहा लागत न्हाय, पान लागत न्हाय, उनात उभं ऱ्हावं लागत न्हाय." सगळे हसले. पायाशी बसलेला माणूस तीन महिन्यांत चाचावरून पेंटरवर आणि तुम्हीवरून त्यालावर आला होता. आणि अब्बा? अब्बाही हसले. ते हसणं माझ्या छातीत रुतून बसलं. फ्लेक्सवाल्याला मी कदाचित पाच वर्षांत विसरलो असतो. त्या हसण्यामुळं विसरलो नाही.

त्याच्या फाँटात एक खोट मात्र राहिली होती. त्यात ळ नव्हता. अब्बांनी ह लिहिला होता, क्ष लिहिला होता, ज्ञ लिहिला होता, मधला ळ सुटला होता. ते मनावर घेईतोवर परंड्यातल्या सगळ्या पाट्या त्यानं स्वतःच्या हातानं उतरवून भंगारात घातल्या होत्या. नमुन्यालाही ळ उरला नाही. सोलापूरवाल्यानं एक करून दिला, तो इतर अक्षरांत असा दिसायचा की वरातीत परक्या गावचा पाहुणा. शेवटी त्याचा ऑपरेटर प्रत्येक बॅनरवर ळ च्या जागी दुसऱ्या फाँटचा ळ चिकटवायला लागला. आणि बॅनर कसलंही असो, खाली 'स्थळ' आणि 'वेळ' असतंच. म्हणजे गावातल्या प्रत्येक बॅनरवर निदान दोन ठिगळं.

त्याचंही खापर अब्बांवरच. "मुसलमानाच्या जिभेला ळ न्हाय, तर हाताला कुठनं येनार? विसरला चाचा," असं तो सांगायचा आणि गावाला ते पटायचं. वाईट सांगायचं तर मलाही पटलं. काला कावला म्हणणारा मीच होतो ना. मला वाटायचं, चार दिवस फुकट लिहून दिलं ते दिलं, आणि त्यातही आपलीच लाज काढून ठेवली. अब्बांना मी कधी विचारलं नाही. लाजेच्या गोष्टी घरात विचारत नाहीत.

वर हा निर्लज्ज दर रमजान ईदला आमच्या घरी यायचा. पेढ्यांचा पुडा घेऊन, पांढरा शर्ट घालून. जखमेवर मीठ चोळायला येतो, याबद्दल मला शंका नव्हती. त्याची गाडी बोळात वाजली की मी ताडकन उठून गच्चीवर जायचो आणि ती परत वाजेपर्यंत खाली उतरायचो नाही. बारा ईदा मी त्याचं तोंड पाहिलं नाही. याचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी कंपनीनं आम्हाला सांगितलं की आता कोड स्वतः लिहायचा नाही, एआयला सांगायचा आणि तपासायचा. मी पहिल्यांदा त्याला सांगितलं तेव्हा पानाभराचा कोड त्यानं चहा कपात ओतायच्या आत दिला. तपासताना मधेच एका ठिकाणी मी थबकलो. एका तुकड्याला त्यानं नाव दिलं होतं 'पुढेसरक'. रोमन अक्षरांत, पण मराठी. पुण्यात असताना चेष्टेनं एका तुकड्याला मीच ते नाव दिलं होतं आणि तो कोड सगळ्यांना वापरता यावा म्हणून इंटरनेटवर टाकला होता; एआय तिथलंच वाचून शिकतो. माझाच असेल असं छातीठोक सांगता येत नाही. पण 'पुढेसरक' असं नाव देणारा दुसरा येडा जगात असेल असं वाटत नाही. लोक म्हणतात, तंत्रज्ञान नवं आहे, घाबरू नका. मला त्यात नवं काहीच दिसलं नाही. पायाशी बसायचं, तुमच्या हाताची तारीफ करायची, फोटो काढायचा, मग म्हणायचं, याला आता चहा लागत नाही. आधी अब्बा कंप्युटरमध्ये जाऊन बसले होते, आता मीही बसलो.

माझा राग असा ताजा होता आणि नेमका तेव्हाच फ्लेक्सवाला माझ्याकडं आला. वर, माझ्या खोलीत. त्याला वेबसाइट हवी होती. लोकांनी घरबसल्या मोबाइलवर नाव टाकायचं, फोटो टाकायचा, बॅनर तयार. फाँट तोच, 'आपला'. आपला म्हणाला.

"फकस्त एक अडचन हाय," तो म्हणाला. "ळ आला की चौकोन येतोय. दुकानात चिकटवता येतंय, मोबाइलवर कोन चिकटवनार? तुमी इंजिनेर मानसं. एआयला सांगून एक ळ काढून द्या की."

मी हो म्हणालो. इतक्या गोड आवाजात म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

पुढचे आठ दिवस मी फार सुखात घालवले. सूड घ्यायचा म्हटलं की माणसाला भूक चांगली लागते. काय काय करता येईल याचे बेत मी जेवताना करायचो. 'शुभेच्छा' टाइप केलं की गुपचूप 'शुभेच्या' होईल. 'भावी आमदार' म्हटलं की 'माजी' उमटेल. पण गिऱ्हाइकानं काय पाप केलं होतं? शेवटी ळ वरच यायचं ठरवलं.

एआयनं दिलेले ळ मी पाहिले. तीस-चाळीस तरी होते, सगळे सुबक आणि सगळे मेलेले. दोन्ही डोळे सारखे. तेव्हा मला मामूंची आठवण झाली. अम्मीचे भाऊ, जळकोटला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान. त्यांची पाटी अब्बांनी माझ्या लहानपणी रंगवली होती आणि जळकोटपर्यंत परंड्याचा फ्लेक्सवाला काही पोचला नव्हता. मोटारसायकल काढून गेलो. मामूंनी पाटी फळी म्हणून आत लावली होती, तिच्यावर ट्यूबचे डबे. डबे उतरवले, धूळ पुसली. जळकोट. मधला ळ जसाच्या तसा, डावा डोळा लहान, उजवा मोठा. मामू म्हणाले, "रोता काय कू रे?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

त्या ळ वरून मी फाँटातला ळ काढला. रेघेला रेघ लावून, स्वतःच्या हातानं, कुणाला काही न सांगता. आणि त्याच्या उजव्या, मोठ्या डोळ्यात एक पतंग बसवला. शेपटीसकट. लहान अक्षरात तो ठिपक्यासारखा वाटेल, पण दहा फुटी बॅनरवर 'स्थळ' लिहिलं की लांबून दिसेल. हा माझा सूड होता. त्यानं अब्बांचं अक्षर घेतलं आणि पतंग टाकून दिला. आता 'वेळ' म्हटलं की पतंग, 'स्थळ' म्हटलं की पतंग. त्याच्या प्रत्येक बॅनरवर त्याच्याच शाईनं अब्बांची सही.

पंधरा दिवसांत परंडा पतंगांनी भरलं. शादीखान्यासमोर, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कुर्डुवाडीची गाडी लागते त्या खांबावर. मी मुद्दाम पायी हिंडायचो आणि लहानपणासारखे मोजायचो. केस कापताना न्हावी म्हणाला, "चाचांचा पतंग परत दिसायलाय, व्हय?" मला आतून उकळ्या फुटत होत्या.

फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "ळ मधी काय कचरा आलाय ओ?"

"कचरा नाही. ज्याचा ळ आहे त्याची सही आहे. ती काढली तर ळ पण जाईल."

मला वाटलं, लागला बाण. पण तो म्हणाला, "असू द्या, असू द्या. लोकांस्नी आवडायलंय. ळ आला ना, बास झालं." आणि फोन ठेवला. मला ते तितकंसं रुचलं नाही, पण जिंकलेल्या माणसानं अशा बारीक गोष्टी मनावर घेऊ नयेत असं मी स्वतःला समजावलं.

अब्बांना यातलं काही माहीत नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो, पेला दोन्ही हातांनी धरतात. बाहेर फारसे जात नाहीत. मी ठरवलं होतं, ईदच्या दिवशी दाखवायचं. हीच माझी ईदी.

ईद आली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, येणारे-जाणारे शिरखुर्मा खाऊन गेले. अब्बा नवा पायजमा-कुडता घालून दाराकडं तोंड करून बसले होते. दुपार कलली. बोळात गाडी वाजली की मान वर करायचे. शेजारी एक वाटी झाकून ठेवली होती. कुणी आलं तर अम्मी दुसऱ्या वाटीत आणायची, तिला हात लावायची नाही.

"वो नै आया अब तक?" अम्मीनं विचारलं.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. "येतो कसा!" मी म्हटलं. "तोंड दाखवायला जागाच ठेवली नाही मी त्याला." आणि मोबाइल अब्बांच्या हातात दिला. शादीखान्यासमोरच्या बॅनरचा फोटो. स्थळ.

अब्बांनी मोबाइल मांडीवर ठेवला, थरथरत्या दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. अक्षराची गोष्ट निघाली की अब्बा घरातही मराठीत बोलतात, कारण अक्षरं ते मराठीतच शिकले.

"ह्यो जलकोटचा हाय," ते म्हणाले. "कुनी दिला त्याला?"

"मी. पतंग बघा ना, अब्बा."

पतंगाकडं त्यांनी पाहिलंच नाही. "तुला काय वाटलं, म्या इसरलो व्हतो?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"ह पस्तोर लिवलं. मग बघितलं, गडी प्रत्येक कागदाजवल मापाची पट्टी ठिवून फोटो काढायलाय. फ्रेम करनारा मानूस पट्टी ठिवत न्हाय. म्हनलं, ह्यो अक्षरं न्यायला आलाय. तवा दुसरा ल सोडला आन् क्ष, ज्ञ लिवून दिलं. शेवट बघितला की मानसाला वाटतं पुरं झालं."

"पण सगळे म्हणायचे, मुसलमानाला..."

"म्हनू दे. ते म्हनत व्हते म्हनून तर त्याला शक आला न्हाय." अब्बा हसले. बारा वर्षांपूर्वी स्टँडवर हसले होते अगदी तसंच, आणि ते हसणं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. "मग दुसरा ल न्हाय ह्ये त्याला कललं तसा दर ईदला यायला लागला. हात जोडून. चाचा, यंदा तरी दुसरा ल द्या. म्या म्हनायचो, बसा, शिरखुर्मा घ्या, बघू पुढच्या ईदला. खाली बसायचा, खुर्ची दिली तरी. तू वर असायचास."

मी वर असायचो.

"काढून घेतो," मी म्हटलं. "वेबसाइटची चावी माझ्याकडंच आहे. आत्ता काढतो."

"दुकानातल्या मशीनीत गेला असंल का न्हाय?"

मीच तर घालून दिला होता.

अब्बांनी मोबाइल मला परत दिला. त्याच्यासाठी झाकलेली वाटी दोन्ही हातांनी उचलली. वरची ताटली किणकिणत होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि वाटी माझ्यापुढं सरकवली. शिरखुर्म्यावर साय धरली होती.

"घे," ते म्हणाले. "खा. दुसरा ल तूच दिलास."